सहा माणसं, सहा अंडी

अंडीवाल्याच्या दुकानापुढे रांगेत उभ्या असलेल्या प्लंबरच्या हातात गिऱ्हाइकाचा नळ होता आणि तिकडे गिऱ्हाइकाच्या घरी पाणी चालू होतं. पण पुढे दोघी बहिणी बोलत होत्या, त्यामुळे त्याचा पाय निघेना.

“ताई, तुझ्या चिमीच्या होणाऱ्या सासरची तिघं पहिल्यांदाच जेवायला येताहेत, आणि तू अंडी करणार?”

“टोमॅटोच्या रश्शात फोडायची आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. सोबत पाव. आम्ही दर बुधवारी तेच खातो.”

“मुलाचे वडील बँकेत साहेब आहेत.”

“अंड्यांना सांगू नकोस, उगाच दडपण येईल.”

“निदान डझनभर तरी घे. मी धरून सहा माणसं आणि सहाच अंडी?”

“ज्याचं त्याला एक. भांडण नाही.”

“जमलेलं मोडेल गं.”

“मोठीच्या वेळी मी अकरा पदार्थ केले. तिची सासू म्हणाली, पोरगी आईच्या हाताखाली तयार झालेली दिसते. चार वर्षं झाली, पोरगी अजून रोज अकरा पदार्थ करतेय. फोनवर तिच्यापेक्षा कुकरच जास्त बोलतो.”

दुकानदाराने किती म्हणून विचारलं.

“सहा.”

“ताई, ऐक. पहिल्याच दिवशी ते ताटावरून उठून गेले तर?”

“तर चिमीला चार मिळतील. तिला आवडतात.”