शिलाई तोंडी शिकवणारे मास्तर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आपले चर्चचे पाळकसाहेब, छापखान्याचे व्यवस्थापक, आजचे सत्कारमूर्ती आमचे मास्तर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, आणि समोरच्या माझ्या सर्व सहकारी बंधुभगिनींनो,

बाइंडिंग खात्यातल्या बाईला माईक दिला, हे धाडस कोणाचं ते मला ठाऊक नाही. आम्ही दिवसभर सुयांशी बोलणारी माणसं. तेव्हा सांभाळून घ्या.

मास्तर बत्तीस वर्षं या खात्याचे प्रमुख होते. त्यांनी शिवलेलं पुस्तक कुठल्याही पानावर उघडा, सपाट पडायचं. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाचा कप हिंदकळायचा, मग सुईत दोरा जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात आहे. औषधांनी थोडा आवरेल, जाणार नाही.

चर्चमध्ये सगळ्यांनी प्रार्थना केली. वहिनींनी उपास केले. बाहेरून एक प्रचारक आले होते, त्यांनी डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि हात पुढे करायला सांगितला. हात तसाच हलत होता. तेव्हा ते सर्वांसमोर म्हणाले, "विश्वास कमी पडतोय." वहिनी घरी येईपर्यंत रडत होत्या. मास्तर त्यांना म्हणाले, "अगं, प्रभू येशूनं स्वतः, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री, बागेत गुडघे टेकून मागितलं होतं, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून. टळला का? मग त्याचाही विश्वास कमी होता म्हणायचं?"

हे ऐकून तुम्हाला वाटेल, मास्तर मोठे संत. तसं नाही, आणि तसं म्हटलेलं त्यांना खपणारही नाही. त्यानंतर सहा महिने त्यांच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघाला नाही. रविवारी जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि उठून यायचे. त्यांनी राजीनामाही लिहून खणात ठेवला होता. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि आज सांगायची परवानगीही दिली आहे.

मला कधी सांगितलं? माझे यजमान गेले तेव्हा. दोन वर्षं त्यांच्या मूत्रपिंडाचं दुखणं चाललं. मी मागितलं नाही असं काही उरलं नव्हतं. तेराव्या दिवशी मी कामावर आले. सगळे येऊन धीर देत होते, देवाची इच्छा वगैरे. मग मास्तर आले. माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसले आणि फर्मे, म्हणजे शिवायच्या पानांचे जुडगे, एकेक करून मला क्रमानं लावायला देऊ लागले. थरथरत्या हातानं. दुपारपर्यंत.

मग मीच चिडून विचारलं, "मास्तर, तुमचा देव ऐकतो तरी का?"

"ऐकतो. हो म्हणतोच असं नाही."

"मग जाता कशाला त्याच्याकडे?"

त्यांनी हातातला फर्मा खाली ठेवला. म्हणाले, "बाई, माझं भांडण त्याच्याशीच आहे. दुसऱ्याच्या दारात जाऊन काय करू? आणि खरं सांगू? हात बरा झाला नाही, पण शेवटच्या बाकावर मी कधी एकटा बसलो नाही. हे मला समजावून सांगता येत नाही. तुम्हाला पटलं पाहिजे असंही नाही."

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा फाडला आणि आम्हा चौघींना शिलाई शिकवायला घेतली. स्वतः सुईला हात न लावता, नुसतं तोंडानं. "दोरा आत घे, कण्याजवळून, ओढू नकोस, बसू दे." पहिलं पुस्तक इतकं वाकडं झालं की ते म्हणाले, "हे विकायला ठेवू नका, दाराला टेकण म्हणून लावा." आम्ही हसलो. यजमान गेल्यानंतर मी हसले ती पहिल्यांदा.

गेल्या महिन्यात चर्चचं मोठं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, दुरुस्तीला आलं. पाठ सुटलेली, पानं निखळलेली. आम्ही चौघींनी ते शिवलं. मास्तर डोळे मिटून बसले होते. दोरा ताणल्याच्या आवाजावरून टाका सैल पडलेला ओळखायचे. काम झाल्यावर त्यांनी ते मध्ये उघडलं. सपाट पडलं. आता ते वेदीवर आहे.

मीही वर्षभर रविवारी चर्चला जाते आहे. माझे सगळे प्रश्न सुटलेत असं म्हणणार नाही. पण आता ते घेऊन कुठे जायचं, हे कळलं आहे.

मास्तरांचा हात आजही हलतो, पायही अडखळतात. त्यांच्यासाठी आम्ही अजून बरं होणं मागतो, ते स्वतःही मागतात. मागणं कुणी सोडलेलं नाही.

आयोजकांचे आणि आपण इतकं शांतपणे ऐकून घेतलंत म्हणून आपलेही आभार. भावनेच्या भरात काही वावगं बोलले असेन, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. यानंतर मास्तर स्वतः बोलणार आहेत. त्यांचा आवाज आता फार बारीक झाला आहे. मागच्यांनी खुर्च्या जरा पुढे ओढून घ्याव्यात, म्हणजे कोणाचं एक अक्षरही चुकणार नाही.