दोन तास एकच पातेलं

बॉनमध्ये जुनं इंग्रजी नाटक नुकतंच सुटलं होतं. कोट परत घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे मुलगा, सून आणि सासूबाई उभ्या होत्या.

"आई, कळलं का काही?"

"न कळायला काय झालं? तो दोन तास श्रीमंतांवर ओरडला आणि त्याची बायको दोन तास एकच पातेलं घासत होती."

"अगं, तो कामगाराचा मुलगा. शिकला, तरी साहेबलोक त्याला आपल्यात घेत नाहीत. त्याचा राग आहे तो."

"असू दे की. पण जेवलेलं ताट तरी उचलावं."

"मुक्ता, तू सांग हिला."

"मी काय सांगू? गेनाऊ, अगदी बरोबर बोललात, आई."

"आपले बाबाही फिटरच होते. साहेबानं एवढं छळलं, पण कधी चिडले नाहीत."

"चिडायचे रे. रोज."

"मी कधी ऐकलं नाही."

"तू अभ्यासाला बसायचास. स्वयंपाकघरात मी ऐकायचे."

"मुक्ता, माझाही कोट घे गं. मी बाहेर थांबतो. नाटकानं फार अस्वस्थ केलंय."

"गेला पण. अहो आई, तुमचा कोट कुठला?"

"राखाडी. त्याचा राहू दे जरा. बाहेर उणे चार आहे. नुसत्या रागावर किती वेळ उभा राहतो बघू."