शिवणीतली माया

—हलू नकोस, पापा मुकेंडी, टाचणी टोचेल! हात वर. तुला मराठी कळत नाही, मला तुझी फ्रेंच — म्हणून तर मोकळं बोलता येतं. इथे आखातात, या मुऐदर वस्तीत आपली माणसं काय थोडी आहेत? पण एकाला सांगितलं की संध्याकाळी रत्नागिरीत पोचतं. आता बघ, तुझा कोट उसवला आणि सगळी हिस्टरी हातात आली — ही पहिली शिवण, किन्शासाची, कंबर अठ्ठावीस, तेव्हा तू दुसऱ्याच्या बँडमध्ये मागे नाचत असणार. इथे निळा दोरा, दोन इंच सोडलाय — स्वतःचा बँड काढलास! मग आणखी चार इंच — वा रे वा, सोळा वादक, आणि जेवायला पहिला तू! आणि आता मी, अबूबकर टेलर, काय करतोय? आत घेतोय. हॉटेलात चार जणांचा बँड, पोट कुठे गेलं, पापा? हसतोस काय! पण माया कापत नाही हां मी — आत दुमडलेल्या जादा कापडाला आम्ही मायाच म्हणतो — परत सुटशील, इन्शाल्ला.

परवा पार्कात ऐकलं तुला. गाता गाता लोकांची नावं काय घेतोस! दिलावर ड्रायव्हर म्हणाला, तुमच्या किन्शासाच्या त्या सुकूस गाण्यात पद्धतच आहे. मी म्हटलं, हा लग्नातला आहेर पुकारतोय की काय! माझी बायको फरजाना पोट धरून हसली असती — पण ती बोलते कुठे? नूरैनचा, आमच्या मुलीचा, निकाह डिसेंबरात. मी म्हटलं, हॉटेलचे युनिफॉर्म आहेत, वर्ल्ड कप होऊ दे. चार वर्षं घरी गेलो नाही, दर वेळी असंच काहीतरी सांगतोय. फरजाना म्हणाली, मग फोनही करू नका. मॅनेजर? त्याने सुट्टी कधीच दिली की. मीच... नूरैनचा शरारा शिवून ठेवलाय, पण माप अठराव्या वर्षाचं — म्हणून चारी बाजूंनी माया सोडलीय. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसेन, याची भीती वाटते रे.

काय? काय म्हणालास? फरजाना? — एवढ्या बडबडीत तेवढंच बरं उचललंस! वाइफ, वाइफ. गाण्यात घेतोस? शुक्रवारी, पार्कात? नको रे... बरं, घे. पण नुसतं फरजाना नको, पुढे म्हण — अबूबकर येतोय. ये-तो-य. हां. परत. अरे बाप रे — सगळ्या रत्नागिरीवाल्यांसमोर पुकारलंस तर जावंच लागेल मला! उतर, उतर खाली — खलास, अजून नव्वद शर्ट पडलेत आणि माझ्याकडे दिवस किती — यल्ला, निघ!