राणीच्या गालातलं क्विनाईन

जन्म माझा चिचगडच्या बाजूचा, जंगलातला. बाप मोहफुलं वेचायचा, मी दंडारीत, म्हणजे आमच्या गावच्या नाचगाण्याच्या नाटकात, सोंगाड्या व्हायचो, आणि आवाज मोठा म्हणून सरकारी दवाखान्यात लागलो. हसू नका, खरंच सांगून राहिलो. आमचे डॉक्टरसाहेब नागपूरकडचे, त्यांले लोकायले कडू क्विनाईन पाजणारा माणूस पाहिजे होता. नियम त्यांचाच. रोग्यानं घोट गिळायचा आणि लगेच आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, कारण तोंडात औषध धरून नाव सांगता येत नाही. मी त्याचा खेळच करून टाकला. म्हाताऱ्यायले म्हणायचो, बोला महाराज, कोणत्या मुलखाचे राजे तुम्ही?

आता सदाराम. तो आमच्या दंडारीतली राणी, माझा लहानपणापासूनचा दोस्त, गालात अख्खं पान ठेवून गाणारा गडी. मंडई म्हणजे आमची गावजत्रा, तिथंच रातभर दंडार होते; तिच्या आठ दिवस आधी त्याले हिवताप आला. क्विनाईननं कानात घुं घुं होते, मंग ढोलकी कशी ऐकू, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं घोट गालात धरला, सदाराम असं स्पष्ट म्हटलं, मले डोळा मारला आणि भिंतीमागे जाऊन थुंकला. काय सांगू तुमाले, मले रागच आला नाही, मले हसू आलं, वा रे राणी, काय कसब! चार दिवस तो असाच थुंकला आणि चार दिवस मी असाच हसलो, आणि वहीत रोज लिहिलं, घेतलं.

पाचव्या दिवशी त्याची बायको त्याले बैलगाडीत घालून आली. डोळे फिरलेले, हाक मारली तं ओ नाही. डॉक्टरांनी वही पाहिली. म्हणाले, चार दिवस क्विनाईन पोटात जाऊन ताप हलला नाही, म्हणजे हा हिवताप नव्हे, मेंदूचं दुसरं काही आहे, क्विनाईन बंद. बायको माझ्याकडे पाहून राहिली, भाऊजी, तुमी काऊन बोलत नाही?

मी बाहेर गेलो, आत आलो, परत बाहेर गेलो. नोकरी जाते, जेल होते, सारं डोळ्यापुढं नाचून राहिलं होतं. मंग आत जाऊन म्हटलं, साहेब, ते औषध पोटात गेलंच नाही.

किती दिवस?

चारही दिवस, साहेब. मी पाहिलं, आणि हसलो.

डॉक्टरांनी लगेच सुई उकळली, क्विनाईनचं इंजेक्शन दिलं, संध्याकाळी परत दिलं. मी अंगणात फेऱ्या मारून राहिलो, बायको ओरडली, बसा ना जी एका जागी, मले चक्कर येते!

दुसऱ्या दिवशी दुपारी सदारामनं डोळे उघडले. पहिला प्रश्न, मंडई कवा? मी म्हटलं, परवा, आणि राणी मी होऊन राहिलो. त्यानं मले खालून वर पाहिलं. म्हणे, हे थोबाड घेऊन? यापेक्षा मेलो असतो तं बरं होतं!

नोकरी राहिली. पण डॉक्टर त्या दिवसापासून स्वतः बाहेर येऊन, माझ्यासमोरच, प्रत्येक रोग्याचं तोंड उघडून पाहायचे. बदली होईपर्यंत पाहत राहिले. बरोबरच होतं त्यांचं.

आता कोणी पाहत नाही, म्हणून मले चैन नाही. आज सकाळी एका पोरीले तीनदा तोंड उघडायले लावलं. तिची माय चिडली, काऊन जी, भरवसा नाही का? मी म्हटलं, बाई, तुह्या पोरीवर आहे, देव तिले शंभर वर्षं देवो. माह्यावर नाही.