आधी गाडी आडवी करा

पहिली मोटारसायकल कशी निवडायची, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, आधी ती आडवी करून बघा.

चाळिशीत मी गाडी घ्यायला आमच्या लांजीहून बालाघाटला गेलो. सोबत बायको आणि तिचे थोरले भाऊ होते. भाऊंनी सगळ्यांत जड गाडीवर हात ठेवला. "जवाईबापू, हेच घ्या. लांजीत रुबाब पडंल."

मी ती जमिनीवर आडवी केली आणि उचलायला लागलो. विकणारा धावत आला. "गाडी लेने आए हो कि कुश्ती लड़ने?"

गाडी तसूभर हलली नाही. मग लहान गाडी आडवी केली. ती उचलली गेली.

"मले हेच पाहिजे," मी म्हणालो.

"हे तर पोरीची गाडी दिसते," भाऊ म्हणाले. "लोकं हासतील."

"हासू द्या. लांजीच्या जंगलात पडलो तर मलेच उचला लागंल."

बायको म्हणाली, "भाऊ, लोकं हासतील अन् घरी जातील. कपाळ माह्यं पांढरं होईल."

पूजेसाठी आणलेलं लिंबू भाऊंनी पिशवीतून काढलं आणि लहान गाडीच्या चाकाखाली ठेवलं.