स्टुडिओतील फुटलेल्या स्क्रीनबाबत

मी, वय ४३ वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात नोकरी, राहणार त्याच दुकानाच्या वरचा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष येऊन विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझी धाकटी बहीण नवऱ्यासोबत दोन गल्ल्या सोडून राहते. तक्रारदार फोटो स्टुडिओवाला याचे दुकान आमच्या दुकानासमोर आहे. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढले होते. तो आज जो चष्मा लावून तक्रार द्यायला आला आहे, तो मीच त्याच्या नाकावर बसवून दिलेला आहे.

आज दुपारी मी त्याच्या स्टुडिओत जाऊन कॉम्प्युटरची स्क्रीन फोडली, हे खरे आहे. कारण थोडक्यात सांगा, असे मला सांगण्यात आले. थोडक्यात जमणार नाही.

मागच्या आठवड्यात बहीण चष्म्याची वाकलेली दांडी सरळ करून घ्यायला आमच्या दुकानात आली. आधी एकदा वाकली तेव्हा चष्मा उशीखाली आला म्हणाली होती, नंतर एकदा पडला म्हणाली होती. या वेळी तिने नुसता चष्मा पुढे केला. दांडी सरळ केली तरी चष्मा बसेना, कारण गाल सुजला होता. मी तिला डोळे तपासण्याच्या खोलीत नेले, दिवा लावला आणि तिच्याच फोनवर तिचे फोटो काढले, कारण माझ्या फोनचा कॅमेरा धड नाही. डोळ्याखालचे काळेनिळे, मानेवरचे बोटांचे वळ आणि सुजलेला दंड, सगळे स्पष्ट आले होते.

अशा तक्रारीचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याला फोटो जोडावे लागतात, हे मला याच ठाण्यात, याच टेबलावर सांगण्यात आले होते. अर्जात फक्त जेपीजी फोटो चालतात. बहिणीचा फोन फोटो दुसऱ्याच प्रकारात साठवतो. आम्ही फोटो चढवायचो आणि अर्ज ते परत आमच्या तोंडावर फेकायचा. मग मी फोटोचा प्रकार फुकट बदलून देणारी एक वेबसाइट शोधली. ‘फाईल इथे टाका’ असे लिहिले होते आणि बाजूला पोट कमी करण्याच्या पट्ट्याची जाहिरात नाचत होती. बहिणीने फोनवर हात ठेवला. म्हणाली, “ताई, इथे नको गं. माझं हे तोंड कुठे कुठे फिरेल कोण जाणे.” मला ते पटले. अनोळखी वेबसाइटपेक्षा ओळखीचा माणूस बरा, असे मला वाटले. ही माझी अक्कल.

काल दुपारी मी बहिणीचा फोन घेऊन स्टुडिओत गेले. अर्जाला जोडायचे आहेत, फक्त जेपीजी करून द्या, एवढेच मी सांगितले. त्याने फोटो कॉम्प्युटरवर घेतले, एकेक मोठा करून बघितला. मग त्याने वेबसाइट उघडली. तीच होती. पट्ट्याची जाहिरातसुद्धा तीच. मी विचारले, “तुम्हीही यावरच करता?” तो म्हणाला, “सगळेच करतात, ताई. फुकट आहे.” नेट रखडले होते. नवरा घरी यायच्या आत बहिणीचा फोन परत द्यायचा होता. “तुम्ही व्हा पुढे, झाले की पाठवतो,” असे तो म्हणाला. त्याच्याकडे माझा नंबर आहे, त्यामुळे कुठे पाठवणार हे मी विचारले नाही. फोन बहिणीला देऊन मी कामावर गेले.

रात्रीपर्यंत मला काही आले नाही. बहिणीचा फोन बंद लागत होता. आज दुपारी सुट्टी होताच मी स्टुडिओत गेले. त्याने हसतमुखाने फोटो स्क्रीनवर लावून दाखवले. डोळ्याखाली काही नव्हते. मानेवर काही नव्हते. गाल असा गुळगुळीत होता की ती लग्नाच्या दिवशीही तशी दिसली नव्हती. मी विचारले, “हे काय केलंत?” तो म्हणाला, “डाग होते ना, काढले. सगळ्यांचेच काढतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.” मूळ फोटो मागितले, तर म्हणाला, रोज दुकान बंद करताना गिऱ्हाइकांचे फोल्डर रिकामे करतो. मी विचारले, “आणि हे पाठवले कुणाला?” तो म्हणाला, “घरच्या नंबरवर. लग्नाच्या अल्बमपासून तुमच्या मेहुण्यांचाच आहे ना आमच्याकडे?” पाठवलेला मजकूर त्याने मला अभिमानाने दाखवला: ‘वहिनींचे अर्जाचे फोटो तयार आहेत.’

त्यानंतर मी टेबलावरचा कॅमेऱ्याचा स्टँड उचलून स्क्रीनवर मारला. एकदा मारल्यावर ती नुसती तडकली, म्हणून पुन्हा मारला. मी त्याला मारले, हे त्याचे म्हणणे खोटे आहे. त्याला मारायचे माझ्या मनात होते, पण मला बहिणीकडे जायची घाई होती.

बहिणीच्या घराला बाहेरून कडी होती. मी कडी काढून आत गेले. तिचा फोन नवऱ्याने काढून घेतला होता. तिला घेऊन मी तशीच ठाण्यात आले. स्टुडिओवाला माझ्या आधी पोहोचला होता. तो आधी आला म्हणून त्याची तक्रार आधी, असे मला सांगण्यात आले. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. माझ्या बहिणीला बाहेरच्या बाकावर बसवले. नवऱ्याविरुद्ध पुरावा काय, असे विचारल्यावर स्टुडिओवाल्याने स्वतःच्या फोनमधले ते गुळगुळीत फोटो साहेबांना दाखवले. साहेब म्हणाले, “यात तर काहीच दिसत नाही.” बाक साहेबांच्या दारापासून चार पावलांवर आहे. तिचा चेहरा बघायला साहेब अजून बाहेर गेलेले नाहीत.

वरील जबाब मला वाचून दाखवला. त्यात ‘रागाच्या भरात’ असे घातले होते, ते मी खोडायला लावले. मी पूर्ण शुद्धीत होते. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे आणि मी खाली सही करत आहे. आता हे टेबल माझ्या बहिणीसाठी मोकळे करावे आणि तिचा जबाब घ्यावा. ती शिकलेली आहे, सही करते, पण आज उजवा हात उचलता येत नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यावा.