गाईंच्या नावानं गायरान गेलं

मंडळी, आज कीर्तनात देवाला काही विचारायचं नाही. आज तुम्हाला विचारायचंय. जे सरकारचं आहे, ते कोणाचं?

सरकारचं, म्हणाल. बरं. सरकार कोणाचं? आपलं! म्हणजे तेही आपलंच झालं की! मग ते कोणी उचलून नेलं तर आपल्याला राग का येत नाही? देवळाबाहेरनं चप्पल गेली तर अख्खं गाव गोळा करता. जमीन गेली तर म्हणता — सरकारी होती.

ऐका तर. खडकोली नावाचं गाव. गावाला गायरान. मालकी सरकारची, पण गावच्या गुरांनी चरावं म्हणून राखून ठेवलेली जमीन. कागदावर मोठी. डोळ्यांना मात्र दरवर्षी थोडी लहान. जमीन आटते का हो? आटते! शेजारी नांगर असला की आटते. ज्याचं शेत गायरानाला लागून, तो दर पेरणीला थोडा आत शिरायचा. उत्तमराव वाघचौऱ्यानं तर हद्दीवरची बाभळच तोडली. ती बोलायची ना, हद्द कुठं आहे ते! माळकरी माणूस बरं का. एकादशी चुकवायचा नाही. उपासाचे शेंगदाणे त्याच तुकड्यातले!

एक ठकूबाई तेवढी यात नव्हती. फार पुण्यवान होती म्हणून? छे! तिला शेतच नव्हतं, ती बांध सरकवणार कुठला? नवरा वारलेला, दावणीला दहा-बारा शेळ्या. शेळ्या गायरानावर जगायच्या आणि ठकूबाई शेळ्यांवर. गायरान गेलं की तिची चूल गेली, इतकं सरळ होतं ते.

आणि तालुक्याहून दौलतराव आले. कपाळी गंध, गळ्यात उपरणं, मागं चार गाड्या. म्हणाले, मला गोसेवा करायची आहे, गोशाळा बांधतो, गायरान माझ्या संस्थेला द्या. सरकार देतं बरं का अशी जमीन! लोकहित म्हटलं की नाममात्र किमतीत देतं. फक्त ग्रामसभेचा ठराव लागतो. आता बघा — गाय जिथं चरते ती जागा घ्यायची, कशासाठी? गाईसाठी! गाईला विचारलं असतं तर तिनंही शेपूट मारलं असतं.

सरपंच धोंडीतात्या. हुशार माणूस. सभेच्या आदल्या दिवशी दारोदार फिरला. दम दिला नाही, पाकीट दिलं नाही. एवढंच म्हणाला, "हरकत घे की. हक्क आहे तुझा. पण हरकत आली की मोजणी येते. मग हद्द कुठवर निघेल, ते मला सांगता यायचं नाही." बस्स! गावाच्या तोंडाला कुलूप. आणि किल्ली प्रत्येकाच्याच खिशात.

सभा भरली. तात्या म्हणाला, ठराव मंजूर असेल त्यांनी हात वर करा. एक हात वर नाही! लाज शिल्लक होती हो थोडी. मग म्हणाला, विरोध असेल त्यांनी करा. एक हात वर. उन्हानं रापलेला, काटक. ठकूबाईचा.

"बोला ठकूबाई," तात्या हसत म्हणाला, "तुम्हाला गाईचं वावडं आहे का?"

"न्हाई तात्या. गाईला चरायला जागा पायजे म्हणता. ती तर हायेच. मग कुंपण कुणाला अडवायला घालताय?"

ग्रामसेवकानं पेन उचललं. "तात्या, बाजूनं कोणी नाही, विरोधात एक. काय लिहू?"

"बाकीचे गप्प आहेत ना? लिहा, सर्वानुमते मंजूर."

हसा, हसा! बाजूनं शून्य, विरोधात एक आणि ठराव एकमतानं पास! ठकूबाईनं मागं वळून पाहिलं. उत्तमरावाकडं पाहिलं. त्याचं लेकरू आईविना राहिलं तेव्हा हिच्याच शेळीच्या दुधावर वाढलं होतं. उत्तमराव स्वतःच्या चपलेचा अंगठा बघत बसला.

जमीन दौलतरावांना मिळाली. आणि पहिलं काय आलं? गाय? नाही. मोजणी! अरे शहाण्यांनो, हरकत घेतली नाही तर मोजणी टळते, हे मानलंत कसं? पावशेर मिरच्या घेताना तुम्ही काट्यावर डोळा ठेवता, आणि तो एवढी जमीन न मोजता घेईल? हद्दीचे दगड रोवले. उत्तमरावाचा तुकडा आत — उभ्या हरभऱ्यासकट. सगळ्यांचेच तुकडे आत.

गोशाळाही झाली. तीन गाई आल्या, दौलतरावांबरोबर त्यांचा फोटो निघाला, तीन गाई गेल्या. मग सरकारात अर्ज — गोशाळा परवडत नाही, वापर बदलून द्या. दिला बदलून! आज तिथं बंगले आहेत. कमानीवर नाव काय? वृंदावन!

मग गावाला जाग आली. वकील म्हणाला, ज्यानं विरोध केला तोच माणूस पुढं हवा. निघाले सगळे ठकूबाईच्या दारी. उत्तमराव हात जोडून म्हणाला, "मावशी, अर्जावर अंगठा दे. आम्ही सगळे तुझ्या मागं आहोत."

ठकूबाई म्हणाली, "मागंच व्हता की रं. त्या दिशी बी मागंच बसला व्हता."

अंगठा दिला तिनं. पण कचेरीतल्या साहेबांनी ठराव वाचला आणि म्हणाले, बाई, इथं तर विरोध झालेलाच नाही. सर्वानुमते आहे!

शेळ्या एकेक करून बाजारात गेल्या. ठकूबाई आता वृंदावनात रोजानं जाते. काम काय? हिरवळ कापायची. गवत वाढू द्यायचं नाही, इतकंच. ज्या मातीवर तिची जनावरं पोसली, तिथलं गवत कापून ती पोत्यात भरते आणि कचऱ्यात टाकते.

का हो, गप्प का झालात? दौलतरावावर हसलात, तात्यावर हसलात. बाभळीची गोष्ट निघाली तेव्हा मात्र या मंडपात कोणी हसलं नाही. मी बघत होतो. दौलतराव चोर खरा. पण त्याला वाट तुमच्या बांधावरून गेली! ज्यानं टीचभर खाल्लं, त्याचं तोंड एकरभर खाणाऱ्यापुढं उघडत नाही.

तुमच्या चावडीवर कागद चिकटलाय, तळ्याकाठची सरकारी जमीन कोणाला तरी द्यायची आहे. उद्या सभा. वाचलाय कोणी? बरं, असू दे. आता नामाचा गजर करू. करा हात वर! दोन्ही! वा, काय सुंदर दिसतंय, एकही खाली नाही.

देवाला काही मोजायचं नाही, म्हणून इतके सहज वर गेले. राहू द्या तसेच. खाली घेऊ नका. उद्या सभेला असेच या.